लिंबू-सोडा

परवा पुण्याहून आलेल्या भाच्याला जुनी मुंबई दाखवायला निघालो... सोबत बाबाही. काळ्या घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ लाच बंद झालं, म्हणून सुरुवात रीगलपासून. मग माँडेगारच्या भिंतींवरची मारिओ मिरांडांची चित्रं. शेवटी ताजमधला हार्बर बार. रीगल १९३३ चं, हाही १९३३ चाच. सगळं चालत होतं, तुम्हीही याच क्रमाने फिरा.

भाच्याने कॉकटेल मागवलं, बाबांनी लिंबू-सोडा. म्हणाले, "पस्तीस वर्षं फोर्टमध्ये नोकरी केली. रीगलला कितीतरी पिक्चर पाहिले. पण या दारातून आत यायची हिंमत झाली नाही रे."

बिल मी लपवलं. तरी विचारलंच, "सोडा केवढ्याला?" मी थाप मारली. ती त्यांना कळली असावी... खिडकीतून गेटवेकडे बघत ग्लास मात्र शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.