नेदरटनचं विरजण

गेल्या शुक्रवारी ऑफिसात एकाचा शेवटचा दिवस होता. केक झाला, भाषणं झाली. मग मॅनेजरने विचारलं, "केटी पूर्ण ना?" तो म्हणाला, "हो, सगळी सेशन्स रेकॉर्ड करून ठेवली आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी येताना डोक्यात सारखा नेदरटनचा तो पब घोळत होता. त्याच्यावर लिहीन लिहीन म्हणत कित्येक शनिवार-रविवार गेले. आज बसलोच आहे तर लिहून टाकतो.

आमच्या धंद्यात नसणाऱ्यांसाठी आधी सांगतो. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. एखादं काम एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणार असलं की पहिल्याने दुसऱ्याला सगळं शिकवायचं. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात पहिल्या माणसाची नोकरी जाणार असते आणि दुसरा ती घ्यायला आलेला असतो. २००७च्या शरद ऋतूत हा दुसरा माणूस मी होतो.

क्लायंटचं ऑफिस इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला. त्या भागाला ब्लॅक कंट्री म्हणतात. पूर्वी इथे कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या होत्या, त्यांच्या धुराने आणि काजळीने हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. पेन्शनचे पैसे वाटणारी एक जुनी कोबॉल सिस्टिम होती, ती पुण्याला न्यायची होती. शिकवणारे गृहस्थ तिच्यावर २२ वर्षं काम करत होते. आम्ही भारतातून गेलेले तिघे त्यांना आपापसात 'मास्तर' म्हणायचो. इंग्रजीत सगळेच 'यू', पण माझ्या मनात ते 'तुम्ही'च होते.

मास्तर दिवसभर नीट शिकवायचे. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचे, पण न विचारलेलं काही सांगायचे नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर तेवढंही सांगितलं नसतं. तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी संगणक बंद करता करता म्हणाले, "चल, तुला आमचा पब दाखवतो. तिथे बिअर घरचीच असते."

मी पित नाही म्हणालो. खरं कारण सांगितलं नाही. "तुला पी कोण म्हणतंय? लेमोनेड असतं की," म्हणाले आणि कोट चढवला.

डडलीहून बसने नेदरटन. पबचं नाव ओल्ड स्वान, पण ते कुणी घेत नाही. सगळ्यांच्या तोंडी 'मा पार्डोज'. या पार्डो बाईंनी कितीतरी वर्षं हा पब चालवला. त्या १९८४ साली वारल्या, नाव मात्र चिकटून राहिलं. पबचा परवाना १८३५पासूनचा, इमारत १८६३ची. आत पुढच्या खोलीत शिरल्यावर मी आधी वर पाहिलं. छताला इनॅमलचे पत्रे, मधोमध भला मोठा पांढरा हंस. खोलीत लोखंडी शेगडी आणि एक जुनं वजनकाटा-यंत्र. नवीन काही आणून 'जुनं' दिसेल असं सजवलेलं नव्हतं, जे होतं ते नुसतं कुणी काढलेलं नव्हतं. जुलै २००७पासून इंग्लंडात पबमध्ये सिगारेट ओढायला बंदी आली होती, त्यामुळे हवाही स्वच्छ. (याबद्दल मास्तरांची तक्रार होती!)

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नका, कोणी येत नाही. काउंटरवर जायचं, पैसे आधी द्यायचे, पेला स्वतः उचलून आणायचा. आणि रांग नसते असं वाटतं, पण असते. कुणाच्या आधी कोण आलं ते प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. मी मध्ये घुसलो तेव्हा कोणी बोललं नाही, पण बारमागच्या बाईंनी माझ्यावरून नजर सरळ पुढच्या आजोबांकडे नेली. कळलं.

आजोबांनी मला विचारलं ते मात्र अजिबात कळलं नाही. "औ बिन या?" म्हणजे कसं काय बरंय ना. 'बॉस्टिन' म्हणायचं, म्हणजे झकास, असं मास्तरांनी कानात सांगितलं. मी म्हणालो. खोलीतले पाचसहा लोक मनापासून हसले, आणि त्या क्षणापासून मी तिथला झालो. कुठून आलास, तिकडे पाऊस कसा, क्रिकेट बघतोस का... आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत नवा पाहुणा आल्यावर होते तशीच चौकशी.

मग मास्तरांनी शिकवायला घेतलं. मी गंमत म्हणून 'यात काय घालतात?' एवढंच विचारलं होतं. ते सुरूच झाले.

बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायचे. नाचणीसत्त्वासाठी आई हेच करायची, त्यामुळे इथपर्यंत मी त्यांच्या पुढे होतो. मोड आणून वाळवलेलं ते धान्य म्हणजे माल्ट. ते भरडायचं आणि ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरू द्यायचं, की धान्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून घ्यायचं आणि हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं, त्याने कडसरपणा येतो. मग थंड करून यीस्ट घालायचं आणि काही दिवस आंबू द्यायचं. पबच्या मागे विटांची उंच इमारत आहे, तीच ब्रुअरी. अशा ब्रुअरीत धान्य आणि पाणी वर चढवतात आणि मग प्रत्येक टप्पा खालच्या मजल्यावर आपसूक उतरतो. "वॉटरफॉल मॉडेल," मी म्हणालो. मास्तरांना तो विनोद फार आवडला, त्यांनी तो आजोबांना सांगितला. आजोबांना अर्थातच कळला नाही.

"आणि यीस्ट कुठून आणतात?"

एल करणारे पुष्कळ जण आदल्या घाण्यातलंच ठेवतात, मास्तर म्हणाले. ते वर फेसात तरंगतं, तो फेस काढून जपायचा आणि पुढच्या घाण्याला लावायचा.

म्हणजे विरजण! मी त्यांना दह्याचं सांगितलं. घरात विरजण संपलं तर आई शेजारी वाटी घेऊन पाठवायची, आणि त्या घरचं दही लागलं की आमच्या दह्याची चव बदलायची. मास्तरांनी मान हलवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढचं त्यांनी सांगितलं ते माझ्या जास्त लक्षात राहिलं. ही एल पिंपात भरतात तेव्हा गाळून, तापवून मारून टाकलेली नसते. यीस्ट जिवंत असतं आणि तळघरात ११ ते १३ अंशांना ती पिंपातच पिकते. वर काढायला गॅस नाही, हातपंप. एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवायला हवं, नाहीतर उतरते. नेहमीच्या छोट्या पिंपात ७२ पाइंट. "म्हणजे बघ," मास्तर म्हणाले, "चांगली एल करणं एकट्या ब्रुअरच्या हातात नाही. आम्ही रोज यायला लागतो."

पण रोज येणारे होते तरी हे सगळं जवळजवळ संपलं होतं. एके काळी इंग्लंडात हजारो पब स्वतःची बिअर करत. मोठ्या कंपन्यांनी पब विकत घेतले आणि आपलाच माल विकायला लावला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात जुने असे चारच उरले: हेल्स्टनचा ब्लू अँकर, बिशप्स कॅसलचा थ्री टन्स, मेडलीचा ऑल नेशन्स आणि हा. १९७१ साली चार मित्रांनी खऱ्या एलसाठी चळवळ सुरू केली, तीच पुढे 'कॅम्पेन फॉर रिअल एल' झाली. तरीही इथली भट्टी १९८८ला थांबली. पुन्हा पेटली ती २००१ साली.

मधली १३ वर्षं काय केलं, मी विचारलं.

"दुसऱ्यांची बिअर प्यायलो," आजोबा म्हणाले. "वाईट नव्हती." आणि थोड्या वेळाने, "चांगलीही नव्हती."

आजोबांच्या घरचे साखळदंडाच्या कारखान्यात होते. टायटॅनिकचा मुख्य नांगर याच नेदरटनमध्ये हिंगलींच्या कारखान्यात तयार झाला. साडेपंधरा टनांच्या आसपासचं ते धूड १९११ साली २० घोड्यांनी ओढत डडली स्टेशनपर्यंत नेलं. भट्टीपुढे दिवसभर घाम गाळणाऱ्यांना फार न चढणारं, पण घोट घोट पिता येईल असं काही हवं असे, म्हणून इथे माइल्ड नावाची सौम्य बिअर रुजली. कारखाने गेले, माइल्ड राहिली.

मी लेमोनेड संपवून बसलो होतो. आता मला ते बोलल्याशिवाय राहवेना.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, हे काम पुण्याला गेलं की तुमचं..."

"ठाऊक आहे रे. मार्चपर्यंत."

"मग मला का शिकवता?"

मास्तर पेल्याकडे बघत म्हणाले, "माझं पेन्शन त्याच सिस्टिममधून येणार आहे. म्हणून नीट शिक."

सगळे हसले. मी हसू शकलो नाही. का, ते मग सांगितलंच. माझे काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरणी परत काही काकांच्या नशिबी आली नाही. बाबा पोस्टात होते म्हणून घर तरलं. काका गुत्त्यावर जायला लागले आणि सहा वर्षांत गेले. तेव्हापासून आमच्या घरात बाटली या शब्दालाही बंदी. आणि आज मी दुसऱ्याचं काम घ्यायला आलोय, वर त्याच्याच बरोबर पबमध्ये बसलोय.

कोणी सांत्वन वगैरे केलं नाही. आजोबा एवढंच म्हणाले की असे त्यांच्या गल्लीतही होते, पगाराच्या दिवशी दारात बायका वाट बघत उभ्या असायच्या, पबचं फार कौतुक करू नकोस. मग ते उठले आणि माझ्यासमोर अर्धा पाइंट 'ओरिजिनल' ठेवली. "नको असेल तर मी पितो."

गव्हाच्या काडीच्या रंगाची. साडेतीन टक्के. मी प्यायलो. थोडी गोडसर, शेवटी किंचित कडू, आणि कोमट वाटली, कारण मला बिअर म्हणजे बर्फगार असं जाहिरातींनी शिकवलं होतं. तो अर्धा पाइंट मला तासभर पुरला. या तासाभरात मास्तरांनी पेल्याखालच्या पुठ्ठ्यांवर पेनाने लिहीत मला ज्या तीन गोष्टी सांगितल्या त्या कुठल्याही डॉक्युमेंटात नव्हत्या. मार्चअखेरीच्या बॅचआधी एक फाईल हाताने रिकामी करावी लागते. एक एरर दिसली तरी घाबरायचं नसतं. आणि एक एरर दिसली नाही तर घाबरायचं असतं!

रविवारी घरी फोन केला तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. आता शिव्या बसणार म्हणून तयारीतच होतो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझा काका जायचा ना त्या गुत्त्यात बसायला बाकडंसुद्धा नव्हतं रे. उभ्या उभ्या ओतायचं आणि निघायचं. त्याच्याशी बोलायला तिथे कोणी नव्हतं. आणि घरी आम्ही बोलत नव्हतो."

एवढं बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

मास्तर मार्च २००८मध्ये गेले. ती पहिली मार्चअखेर आम्ही पुण्याहून निभावली, पुठ्ठा समोर ठेवून. पेन्शनं वेळेवर गेली. मास्तरांना मेल केली, एका शब्दाचं उत्तर आलं: बॉस्टिन. त्यांना पुढे काय काम मिळालं, मिळालं का, हे विचारायचा धीर मला तेव्हा झाला नाही. नंतर ती मेल आयडी बंद झाली. ही बोच अजून आहे, आणि लिहिल्याने जाईल असं वाटत नाही.

असो. आमच्याकडे सोमवारी नवा मुलगा रुजू होतोय. रेकॉर्डिंगची लिंक त्याला पाठवली आहेच. पण सोडून गेलेला आमचा पठ्ठ्या अजून गावातच आहे. त्याला फोन केला, म्हटलं सोमवारी संध्याकाळी टपरीवर ये, दोघांना चहा पाजतो. बसायला बाकडं आहे.