दादाची जीप

तीर्थपुरीच्या पारावर गाडीच्या अ‍ॅव्हरेजबद्दल खरं बोललेला माणूस मी अजून पाहिला नाही. कुणाची मोटारसायकल सत्तर देते, कुणाची नव्वद. एकाच्या लुनाची तर टाकी उतू जाते म्हणून त्याला मधूनमधून पेट्रोल काढून ठेवावं लागायचं. शपथेवर सांगायचा. या सगळ्यांचा गुरू माझा चुलतभाऊ, दादा.

दादाची जुनी कमांडर जीप. लिटरला बारा दिले तरी नशीब. दादा चाळीस सांगायचा. "जालना वर हाय अन् आपण गंगेच्या कडंला. येताना सगळा उतार. अंबडात इंजिन बंद केलं की जीप थेट मह्या दारात. एकदा ब्रेक लावायचा इसरलो, गंगेतच उतरली असती!" गोदावरीकडं उतार आहे, एवढं खरं. बाकीचं दादाचं.

जून 2017 पासून डिझेलचा भाव रोज बदलायला लागला. आधी पंधरवड्याला बदलायचा, तेव्हा निदान शिव्या द्यायला सवड मिळायची. शेजारच्या परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, कारण टँकर पार मनमाडहून यायचा. दादा म्हणायचा, "अर्धं तर टँकरच पितो, त्याचे पैसे परभणीवाले भरतेत."

2018 ला पावसानं दगा दिला. कापूस गुडघ्याच्या वर गेला नाही. त्यातच आमच्या घरचीचं दुखणं निघालं. जालन्याला सहा खेपा झाल्या, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, अन् डिझेल ऐंशीच्या घरात. सहाही वेळा दादानंच नेलं. पैसे काढले की हात धरायचा. "येडा हायस का? येताना उतार हाय. उलट टाकीत वाढतंय!" मीही खिशातला हात तसाच बाहेर काढायचो. खिशात फार नव्हतंही, अन् त्याची थाप खरी मानणं मला सोयीचं होतं.

सातव्या खेपेला अंबडच्या अलीकडं जीप बंद पडली. काटा तर कधीचाच मेलेला. दादानं टाकीत काडी घातली, कोरडी निघाली. एकाच्या मोटारसायकलवर कॅन घेऊन मी दादाच्या नेहमीच्या पंपावर गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "दादाच्या जीपला का? मग रोख द्या. वही लई झालीय." वही पाहिली. आमच्या सहाही खेपांच्या तारखा ओळीनं होत्या. बेरीज चार हजारांच्या वर.

त्या दिवशी माझ्याकडं दवाखान्यापुरतेच होते. त्यातून कॅन भरला. पुढं कापूस विकल्यावर दादाला न सांगता उधारी फेडून आलो.

कळल्यावर दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी पारावर आला, माझ्याकडं न बघता बसला अन् म्हणाला, "मही जीप आता इतकी उतारावर पळाया लागली, की पंपवालाच पैसे नको म्हणतो. वही कोरी करून दिली गड्यानं."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, काहीही सांगतो राव.

"व्हय," मी म्हणालो, "म्या बघितली ना वही."