मुरूम लागेपर्यंत

छत्रपती संभाजीनगर परिसरात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर उभी राहिलेली भिंतही तिच्याबरोबर हलते. म्हणून नव्या चर्चसाठी ठेकेदारांची दरपत्रके मंडळीच्या समितीपुढे आली की आधी एकच ओळ शोधावी: पाया किती खोल धरला आहे? एकाने मुरमापर्यंत खोदाई धरली आणि दुसरा मातीतच थांबला, तर त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. त्यापेक्षा दर मागवण्याआधीच जागेवर दोन-तीन चाचणी खड्डे घ्यावेत. मुरूम कुठे लागतो ते सगळ्यांना दाखवावे आणि त्याच खोलीचे दर मागावेत.

मग छत. फ्लॅट बांधणाऱ्याला थोड्याथोड्या अंतरावर खांब घ्यायची सवय असते. प्रार्थनागृहात मात्र शेवटच्या बाकावरूनही वेदी दिसायला हवी. मोठ्या गाळ्यावर लोखंडी कैच्या कोणी चढवल्या आहेत, हे विचारावे आणि ते काम ऐन पावसाळ्यात जाऊन पाहावे. तिथे ठेकेदाराच्या मुकादमाशी जरूर बोलावे. रोज साइटवर तोच असणार.

पैसा हा याहून अवघड विषय, कारण तो देणग्यांच्या चालीने येतो. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ मुंबईच्या कुलाब्यात अफगाण चर्च बांधायचे ठरले, तेव्हा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा आराखडा खर्चिक म्हणून बाजूला पडला. काम हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्यावर झाले. पायाभरणी १८४७ मध्ये, समर्पण १८५८ मध्ये. सुमारे ६० मीटर उंचीचा मनोरा मात्र १८६५ मध्ये पुरा झाला, कावसजी जहांगीर यांच्या देणगीचाही त्याला हातभार लागला. मनोऱ्याविना उपासना सुरू होऊ शकली, कारण खालचे काम स्वतःच्या बळावर उभे होते.

आजच्या करारातही तसेच टप्पे हवेत: जोते, लिंटेल, छत. काम कुठेही थांबले तरी झालेला भाग पावसात सुरक्षित राहील असे. बिल झालेल्या कामाच्या मोजमापावर द्यावे आणि थोडी रक्कम किमान एक पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवावी.

समितीतल्या कोणाच्या नात्यातला ठेकेदार असेल, तर मोजमाप बाहेरच्या अभियंत्याकडेच असावे. नाहीतर भिंतीला तडा गेला तरी दर रविवारी शेजारी बसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, आणि दुरुस्तीची वर्गणी पुन्हा त्याच विश्वासू घरांतून गोळा होते.