गाभ्यापर्यंत पाक

गुलाबजाम मधोमध कापला की खरं काय ते कळतं. बाहेरून गोल, तुळतुळीत, रंगाला देखणा. आणि आत फिकट, पेढ्यासारखा घट्ट ठिपका. पाक तिथवर पोचलेलाच नसतो. इतकी वर्षं ऑर्डरी घेते आहे, तरी प्रत्येक घाण्यातला एक कापून बघितल्याशिवाय डबे भरत नाही.

दोष खव्याचा म्हणावा, तर हरियाली खवा ओला लागला म्हणून मैदा वाढवला की गाभा आणखी घट्ट. मैदा हात राखून घातला की गोळा तुपात हसतो. पाकाचं म्हणाल, तर दाट पाक आत शिरायचं सोडून जामातलंच पाणी बाहेर ओढतो आणि साल सुरकुतते. पण खरी मेख आचेत. खव्यात दुधाची साखर भरपूर, त्यामुळे रंग भराभर चढतो. त्या रंगाला भुलून जाम काढला की आतून तो कच्चाच. गोळा तळाशी बसला पाहिजे आणि आपणहून, सावकाश वर आला पाहिजे. तोवर त्याला झारा लावायचा नाही, तूप तेवढं हलवत राहायचं.

सचिन कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’ २०१८ मध्ये लागला तेव्हा ह्यांनीच तिकिटं काढली, रात्रीच्या खेळाची. एरवी त्या वेळी आमच्याकडे उद्याची भाजी निवडणं चाललेलं असतं. लंडनची बँकेतली नोकरी सोडून पुण्यात आलेला आदित्य एका डब्यातलं जेवण चाखतो आणि ते करणाऱ्या राधाचं घर शोधत जातो. ह्यांचं सगळं लक्ष पडद्यावरच्या ताटांकडे. मध्येच कुजबुजले, “भूक लागली गं.” मी सोनाली कुलकर्णीचे हात बघत होते. कॅमेऱ्याला रंग दिसतो, वाफ दिसते. गोळा वर यायची वाट बघणं मात्र सिनेमात मावत नाही.

जिओ बेबींचा मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) आम्ही घरी बघितला. चिरणं, वाटणं, खरकटं, सिंकखालची गळती, पुन्हा तेच. त्या माणसाला स्वयंपाकघर कळलंय. पण हाताचा अभिमान त्यात कुठे नाही, आणि मला तो आहे.

‘गुलाबजाम’ बघताना राधाचा मला हेवा वाटला होता. तिला शिष्य मिळाला म्हणून नव्हे, चवीवरून कोणी तिचा माग काढत आलं म्हणून. माझे जाम केटररच्या नावाने पंगतीत जातात. “हे कोणी केले हो?” असं एकाने तरी विचारावं, असं मला फार वाटतं. पाकिटातल्या तयार पिठाचे जाम हल्ली सगळीकडे. ते बिघडत नाहीत, सोड्यावर टम्म फुगतात, पाकही भरपूर पितात. खवा मात्र त्यांत शोधावा लागतो. त्यांच्या पंक्तीला माझा जाम बसवला की मला राग येतो.

थिएटरमधून बाहेर पडताना हे म्हणाले होते, “तूही कोणाला तरी शिकव.” तेव्हा मी उत्तरसुद्धा दिलं नाही. आता अंगठ्यानेच ते ठरवून टाकलंय. सकाळी उठावं तर अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. गोळ्यावरची केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही, ती अंगठ्याला लागते. आणि भेग राहिली की तुपात ती उकलणारच. म्हणून गोळे वळायला पुतणी येते. तिने वळलेले मी परातीत फिरवून, उजेडात धरून बघते. भेग सापडत नाही. तिचा हात चांगला आहे, आणि हे मी तिला अजून मोकळेपणाने म्हटलेलं नाही.

कढईशी मात्र तिला उभं करत नाही. झाऱ्याला अंगठ्याची एवढी गरज नसते, आणि वर आलेला पहिला जाम आधी मला दिसायला हवा.