नॉम पेन्हची एक शाळा

पतपेढीचे कर्ज काढून आणि भिशीचे पैसे जमवून आमच्या वस्तीतील आम्ही बावीस उपासक-उपासिका डिसेंबर २०२३ मध्ये थायलंड-कंबोडियाच्या सहलीला गेलो. अंगकोर पाहून डोळे निवले. परंतु घरी आल्यापासून आम्ही सर्वांना सांगतो ते नॉम पेन्ह शहरातील एका शाळेविषयी.

शाळेचे आजचे नाव तुओल स्लेंग. तीन मजली इमारती, मध्ये पटांगण; थेट आपल्या नगरपालिकेच्या शाळेसारखी. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूजने राजधानी घेतली, सारे शहर खेड्यांकडे हाकलले आणि पुढे या शाळेचा तुरुंग केला. वर्गात विटांच्या भिंती घालून कोठड्या केल्या. भिंतींवर कैद्यांचे फोटो आहेत. त्यात तान्हे मूल घेतलेल्या माताही आहेत.

आम्ही कचेरीत वह्या लिहिणारी माणसे. म्हणून तेथील नोंदी पाहून अंगावर काटा आला. नाव, काम, अटकेची तारीख, ठार केल्याची तारीख. आमच्यासारख्याच कुणा कारकुनाने ते लिहिले असेल! न्यायालयाने या एका तुरुंगाचे किमान १२,२७२ बळी मानले आहेत.

शहराबाहेर सुमारे पंधरा किलोमीटरवर चोउंग एक येथे या कैद्यांना पुरले. तेथे काचेच्या स्तूपात कवट्या रचून ठेवल्या आहेत. आम्ही मेणबत्त्या लावून त्रिशरण-पंचशील घेतले. पावणेचार वर्षांत सुमारे ऐंशी लाखांच्या या देशात पंधरा ते वीस लाख माणसे हत्या, उपासमार आणि सक्तीच्या कष्टांनी मेली. बौद्ध देश असूनही भिक्खूंची चीवरे उतरवली, विहारांची गोदामे केली.

हे थांबवले कोणी? शेजारच्या व्हिएतनामने. ख्मेर रूज त्यांच्या सीमेवरील गावांत कत्तली करीत होते, म्हणून डिसेंबर १९७८ मध्ये त्यांचे सैन्य घुसले आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह पडले.

बसमध्ये आमच्यात वाद झाला. एक काका म्हणाले, "परक्याचे सैन्य देशात येणे वाईटच. अमेरिकेने १९६९ ते १९७३ या काळात येथे बॉम्ब टाकले, त्याने काय भले झाले?" तेव्हा आमचा वाटाड्या म्हणाला, "ते सैन्य आले म्हणून माझी आई जगली. पण ते दहा वर्षे गेले नाही, हेही ती विसरलेली नाही." काका गप्प झाले. आम्हीही.

जगाने काय केले? १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्या माणसांकडेच ठेवली. अमेरिका आणि चीन त्या बाजूने होते, कारण व्हिएतनामच्या पाठीशी रशिया होता. भारताने जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली, पण असे देश थोडे. व्हिएतनामी सैन्य १९८९ मध्ये परतले. पोल पॉट १९९८ मध्ये मेला. आंतरराष्ट्रीय न्यायासनासमोर तो कधी उभा राहिलाच नाही. त्याच्या दोन म्हाताऱ्या साथीदारांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवायला २०१८ साल उजाडले.

बंधू-भगिनींनो, वस्तीत बाईला मारहाण होत असताना 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून दार लावून घेणारे आपण पाहिले आहेत. गावात अत्याचार झाला की 'गावकीचे गावकी बघेल' हेही आपण ऐकले आहे. देशांच्या बाबतीत याच बोलण्याला सार्वभौमत्व म्हणतात. सार्वभौमत्व हवेच, पण तो माणसे मारण्याचा परवाना नव्हे. आणि सोडवायला येणाऱ्यालाही दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : कशासाठी आलास, आणि जाणार कधी?

त्या शाळेतील नोंदवहीत हे प्रश्न लिहायला रकाना नव्हता. आपण मुलांना हे प्रश्न विचारायला शिकवूया.