सिव्हिल वॉर : अंकातलं आणि पडद्यावरलं

मंडळी, आज कॉमिक्सवर लिहितोय. हसू नका, शेवटी फाट्यावरच येणार आहे.

वारंगा फाट्याची खिचडी खाऊन वाढलेली आमची पिढी. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव एकाच अंकात आले की तो अंक भाड्यानं आणायला रांग लागायची. पुढं नांदेडला शिकताना मार्व्हलचं 'सिव्हिल वॉर' हाती आलं. २००६-०७ साली सात अंकांत निघालेली मालिका, लेखक मार्क मिलर, चित्रं स्टीव्ह मॅकनिव्हन. मागच्या रविवारी पुतण्यानं त्याच नावाचा २०१६ चा पिक्चर लावला. संपल्यावर म्हणाला, "काका, भारी आहे ना?"

भारी आहेच. पण त्यात गावातली माणसं कुठं गेली?

कॉमिकमध्ये स्टॅमफर्ड गावात काही पोरसवदा हिरो टीव्ही शोसाठी गुंड पकडायला जातात. स्फोट होतो, शाळेतली लेकरं धरून ६०० च्या वर माणसं मरतात. मग कायदा येतो : मुखवटेवाल्यांनी खरं नाव नोंदवायचं, सरकारच्या हाताखाली काम करायचं. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूनं, कॅप्टन अमेरिका विरोधात. हे भांडण त्या सात अंकांत मावत नाही. स्पायडरमॅन पत्रकारांसमोर मुखवटा काढतो, त्याचे घरी काय हाल होतात ते त्याच्या मासिकात. 'फ्रंट लाइन'मध्ये दोन पत्रकार तेच सगळं खालून बघतात. आपल्याकडं नाही का, एकच भांडण चावडीवर वेगळं, ठाण्यात वेगळं आणि घरी बाई सांगते ते तिसरंच!

पिक्चरला अडीच तासच मिळतात. ११७ देशांचा करार आहे, लेक गमावलेली आईसुद्धा आहे, पण ती एकदाच येऊन जाते. मोठी मारामारी होते रिकाम्या केलेल्या विमानतळावर. शेवटी सायबेरियातल्या तळावर तिघंच उरतात आणि वाद असतो टोनीच्या आईबापाच्या खुनाचा. ते दुःख खोटं नाही, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण कराराचं काय झालं, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात नसतं.

अंकांत शेवटची लढाई न्यूयॉर्कच्या रस्त्यावर होते. कॅप्टन जिंकत आलेला असतो, शेवटचा घाव घालणार, तेवढ्यात साधी माणसं, आग विझवणारे वगैरे, त्याच्यावर झडप घालून त्याला मागं ओढतात. तो भोवती बघतो, शहराची वाट लागलेली. मुखवटा काढतो आणि स्वतःहून बेड्या घालून घेतो.

आता फाट्यावर येतो. लेकरांनी हायवे कुठून ओलांडावा, यावर मी आणि माझा एक जुना दोस्त बैठकीत भांडलो. तो म्हणत होता पूल पाहिजे, मी म्हणत होतो पुलानं दुकानं मरतात. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. तिसऱ्या बैठकीत त्यानं माझ्या बापाचं काढलं, मी त्याच्या भावाचं. दोन्हीकडं पोरं जमली, व्हॉट्सॲपवर गट पडले. दोन वर्षं झाली, बोलणं बंद. लेकरं अजून ट्रकच्या मधून पळतात. आम्हाला मागं ओढायला कुणी आलं नाही; जमलेले सगळे व्हिडिओ काढत होते.

रविवारी रात्री त्या शेवटच्या पानांचे फोटो काढून त्याला पाठवले. सकाळी उत्तर आलं : "यातला चिलखतवाला मी का?"

अजून काही लिहिलेलं नाही. आज संध्याकाळी त्याच्या दुकानाकडं जाऊन येतो.