मागे सरकायला जागा नव्हती

ईदला मुंबईहून नाट्याला जाताना मी मोठ्या झूमचा कॅमेरा न्यायचो. यशवंतगडाची तटबंदी, खाडीतल्या होड्या झकास यायच्या. पण पडवीत सगळं घर बसलं की माझी पाठ भिंतीला टेकायची आणि कडेला बसलेली दादी फोटोबाहेर राहायची. "राहू दे रे, पोरांचा काढ," ती म्हणायची.

तिचा इंतकाल झाल्यावर अल्बम चाळला. सगळ्यांसोबतचा तिचा एकही फोटो नव्हता.

पुढे नवा कॅमेरा घेताना दुकानदार झूम किती पट, तेच सांगत होता. मी ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने लेन्सचा सर्वांत लहान आकडा विचारला. ३५ मिमीच्या लेन्समध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ६३ अंश मावतात, २४ मिमीच्या लेन्समध्ये ८४. खिशात मावणारा २४ मिमीचा घेतला. त्यात कडेचे चेहरे ताणल्यासारखे दिसतात. म्हणून वडीलधाऱ्यांना मध्ये बसवायचं.

यंदाच्या ईदला अम्मी सवयीने कडेला बसली. मी हात धरून तिला मध्ये आणलं. अल्हम्दुलिल्लाह, फोटोत सगळे आले.